मागच्या खोलीपर्यंत रेंज

अण्णांना आमच्या घरात राहायचं नव्हतं आणि आमच्यापासून लांबही राहायचं नव्हतं. म्हणून ते बागेच्या टोकाला, मागच्या खोलीत राहत होते.

कोलकात्यात डमडमला एका जुन्या दुमजली घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतलेला आहे. वर घरमालकीण राहतात. वय ऐंशीच्या आसपास, एकट्या, तब्येतीने ठणठणीत. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणतो. घरामागे आंबा, फणस, चार सुपाऱ्या आणि केळीची दाटी आहे. त्या सगळ्याच्या पलीकडे पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. पूर्वी तिथे माळी राहायचा. आई गेल्यावर अण्णा गाव सोडून आमच्याकडे आले. हॉलमध्ये त्यांच्यासाठी टाकलेली कॉट त्यांनी पाहिली, तिच्यावरची नवी चादर हाताने नीट केली, आणि मग मागचं दार उघडून ते बाहेर गेले. तिथे माशीमा फुलं तोडत होत्या.

"बाईसाहेब, वो खोली खाली हैं क्या?" त्यांनी विचारलं.

अण्णा आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई होते. इमारत आणि तिच्या आवारात वडीलधारी बाई दिसली की ती त्यांच्या लेखी बाईसाहेबच. माशीमांना हे संबोधन आवडलं असावं. त्याच संध्याकाळी खोलीची किल्ली अण्णांच्या जानव्याला अडकली.

मी त्याच शाळेत शिकलो. शाळेत एकच संगणक होता. त्याच्यावर जांभळ्या कापडाचं आच्छादन असायचं आणि त्या खोलीची किल्ली अण्णांकडे असायची. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि तिचं मूळ त्या किल्लीत आहे हे मी कधी विसरलो नाही. आज मी सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. अण्णांच्या समजुतीप्रमाणे माझी पदवी वीज, पंखे, मोबाईल, टीव्ही आणि पाण्याची मोटर या सगळ्यांना लागू आहे. मीही त्यांना कधी उलट सांगितलं नाही. घरातले दिवे मोबाईलवरून लागतात, दाराशी कोण आलं ते पडद्यावर दिसतं, हे सगळं मी स्वतः बसवलेलं आहे. आमच्यात असं काही बसवणारा मी पहिलाच, त्यामुळे ते गरजेपेक्षा थोडं जास्तच बसवलं गेलं.

गेल्या आषाढात अण्णा त्यांच्या खोलीच्या पायरीवरून घसरले. पायरीवर शेवाळ होतं. घोटा मुरगळला आणि ते पाऊण तास तिथेच बसून राहिले. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो, म्हणजे त्यांच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर. माशीमांनी वरून पाहिलं म्हणून कळलं.

"हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"तू कामात होतास."

"आणि मोबाईल?"

"ट्रंकेत आहे. पडला असता म्हणजे फुटला असता."

माझी बायको एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे प्रत्येक नमुना दोनदा तपासतात. घरातही तिची पद्धत तीच आहे. अण्णांच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधता बांधता तिने निर्णय सांगितला.

"अण्णा, त्या खोलीतून आमच्या स्वयंपाकघरात वाजेल अशी घंटी हवी. ती सलग पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, न चुकता वाजली पाहिजे. नाहीतर तुम्ही हॉलमध्ये यायचं."

"हॉलमध्ये मी नाही राहणार, सूनबाई."

"मग?"

"मग गावी जाईन. पोळ्यापर्यंत बघू. जमलं तर ठीक."

गावी आमची एक खोली होती आणि तिच्यात कोणीही नव्हतं. तिथे पडले असते तर वरून बघायला माशीमाही नव्हत्या. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पोळ्याला पाच आठवडे होते.

कोणाच्याही मनात येईल की एक वायर टाकायची आणि साधी घंटी लावायची. मीही तेच म्हणालो. पण माशीमांच्या यजमानांनी ही बाग स्वतःच्या हाताने लावलेली होती.

"खोदाई नहीं होगा," माशीमा म्हणाल्या.

"वरून नेतो. झाडांवरून."

"पहलेवाला भाड़ाटे भी ऊपर से लाया था. कालबैसाखी में डाल गिरा, तार गिरा, मेरा काम का मेये बाल-बाल बचा. तार नहीं. तुम तो इंजिनियर है ना? बिना तार का करो." कालबैसाखी म्हणजे इथलं चैत्र-वैशाखातलं वादळ; त्यात आधीच्या भाडेकरूची तार पडून त्यांची कामवाली थोडक्यात वाचली होती.

म्हणून मी बिना तारेचं करायला घेतलं.

अडचण सरळ होती. राऊटर पुढच्या खोलीत. मध्ये वीस इंची विटांच्या तीन भिंती, मग बाग, मग पत्र्याचं छप्पर. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. एक वेगवान, पण भिंत दिसली की माघार घेणारी. दुसरी सावकाश, पण चिवट. अण्णांच्या खोलीपर्यंत दोन्हींपैकी एकही पोहोचत नव्हती. मोबाईल हातात धरून मी बागेतून चालत जायचो. फणसापाशी तीन रेघा दिसायच्या, केळीपाशी एक, आणि पुढे काही नाही. केळीच्या पानांत पाणी फार असतं आणि पाणी लहरी शोषून घेतं, असं मी वाचलं. माशीमांना ते सांगितलं. त्यांनी केळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या वर गेल्या. केळी काढण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

शेवटी तीन टप्प्यांची साखळी केली. राऊटरपासून मागच्या व्हरांड्यापर्यंत घरातल्या घरात भिंतीकडेने केबल नेली. घराच्या आत माशीमांची हरकत नव्हती. व्हरांड्याच्या वाशाला, पागोळीच्या आत, उघड्यावर चालणारं एक यंत्र लावलं आणि त्याचं तोंड केळीच्या डोक्यावरून खोलीच्या खिडकीकडे केलं. खोलीत, खिडकीशेजारच्या प्लगमध्ये दुसरं छोटं यंत्र लावलं. ते आलेल्या लहरी पकडून पुढे खोलीभर पसरवतं. कॉटशेजारी भिंतीवर बटण. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी आणि आमच्या दोघांच्या मोबाईलवर निरोप.

अण्णांनी बटण दाबलं. स्वयंपाकघरात घंटी वाजली. बायको खिडकीतून ओरडली, "वाजली!" अण्णांनी मान हलवली. शाळेत नवीन सतरंजी आली की ते अशीच मान हलवायचे.

दुसऱ्या दिवसापासून चाचणी सुरू झाली. वेळा बायकोने ठरवल्या होत्या: सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती बरोबर किंवा चूक अशी खूण करायची.

सकाळी घंटी वाजली. संध्याकाळी वाजली नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी मी खोलीत गेलो. अण्णा कॉटवर बसले होते.

"दाबलं होतं का?"

"पाचच्या ठोक्याला."

मी यंत्राकडे पाहिलं. हिरवा दिवा होता. मी बटण दाबलं. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आता वाजली!"

"तुला घाबरतं ते," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. सकाळी वाजायची, संध्याकाळी नाही, आणि मी पोहोचलो की वाजायची. चार दिवसांत कॅलेंडरवर चार बरोबर आणि चार चूक झाल्या. बायकोने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

मी शिकलेला माणूस असल्यामुळे आधी अवघड कारणं शोधली. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे घरी येतात, त्यांची वायफाय एकमेकांत मिसळतात, असं मला वाटलं. म्हणून लहरीचा मार्ग बदलला. उपयोग झाला नाही. मग वाटलं, दुपारभर पत्रा तापतो आणि यंत्रही तापतं. म्हणून त्याच्यामागे थर्माकोलचा तुकडा लावला. उपयोग झाला नाही. माशीमांनी वरून सुचवलं, "हवाई जहाज़ होगा. पाँच बजे बहुत जाता है."

विमानतळ आमच्याजवळ आहे आणि विमानं आमच्या छपरावरूनच उतरतात. मी तीन दिवस, साडेचार ते साडेपाच, व्हरांड्यात खुर्ची टाकून विमानांच्या वेळा वहीत लिहून घेतल्या. ऑफिसमध्ये डॉक्टरकडे जायचंय असं सांगितलं होतं. दोन दिवस पाचच्या सुमारास विमान गेलं. तिसऱ्या दिवशी गेलं नाही आणि तरीही घंटी वाजली नाही. त्यामुळे विमानं निर्दोष ठरली.

पण त्या खुर्चीवर बसल्यामुळे एक गोष्ट दिसली. अण्णा चार वाजता खोलीबाहेर यायचे, दाराला कुलूप लावायचे आणि झाडांना पाणी घालायला लागायचे. पाचला दोन मिनिटं कमी असताना ते झारी खाली ठेवायचे, हात धुवायचे, कुलूप उघडायचे आणि आत जायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. दारातून आत पाऊल टाकताच त्यांनी न बघता डावा हात वर केला आणि दारामागचा मेन स्विच खट्कन वर ढकलला. मग ते कॉटपाशी गेले, घड्याळ पाहिलं आणि बरोबर पाचला बटण दाबलं.

खिडकीतल्या यंत्राचा दिवा अजून लाल होता. बंद झालेलं ते यंत्र जागं व्हायला तीन मिनिटं घेतं.

"अण्णा, तुम्ही बाहेर जाताना मेन बंद करता?"

"मग? चालू ठेवून जाऊ?"

प्रश्न प्रामाणिक होता. शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा वायर जळून दोन बाकं जळाली होती. तेव्हा हेडमास्तरांनी अण्णांना सांगितलं होतं, की शेवटचा माणूस बाहेर पडला की मेन बंद. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एक दिवसही तो चालू राहिला नाही. गावी आमच्या घरातही तसंच असायचं. मी लहानपणी याच हाताखालून रोज दारातून बाहेर पडलो होतो, आणि तरीही मी तीन दिवस विमानं मोजली.

मी त्यांना समजावलं. यंत्राला सतत वीज लागते, वीज फार कमी खर्च होते, धोका काही नाही. ते सगळं नीट ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पाचला घंटी वाजली नाही.

"अण्णा, काल बोललो होतो ना आपण?"

"बोललो होतो," ते म्हणाले. "पण हात जातो रे. आणि हेडमास्तरांचं सांगणं होतं. ते रद्द केल्याचं मला कोणी लेखी दिलेलं नाही."

हेडमास्तर वारून बारा वर्षं झाली होती. पण अण्णा थट्टा करत नव्हते. हे मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मग लेखी द्या की," ती म्हणाली.

शाळेत एक सूचनावही असायची. हेडमास्तर तिच्यात सूचना लिहायचे, अण्णा ती घेऊन वर्गावर्गांत जायचे, शिक्षक वाचून दाखवायचे आणि सही करायचे. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय सूचना लागू झाली असं अण्णा मानत नसत. मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: "मागील खोलीतील मेन स्विच कोणत्याही वेळी बंद करू नये. बाहेर जाताना दिवा व पंखा त्यांच्या स्वतंत्र बटणांनी बंद करावेत."

अण्णांनी चष्मा लावून वाचलं.

"जावक क्रमांक नाही."

मी जा. क्र. १ असं लिहिलं.

"'पुढील आदेशापर्यंत' पाहिजे. नाहीतर कायमचं होतं."

तेही घातलं.

"आणि सही तुझी चालणार नाही. इमारत बाईसाहेबांची आहे."

वही घेऊन अण्णा स्वतः वर गेले. माशीमांना मी मजकूर हिंदीत सांगितला. मला वाटलं, त्या हसतील. पण त्या तीस वर्षं सरकारी कार्यालयात नोकरी केलेल्या बाई होत्या. त्यांनी पेन मागितलं, बंगालीत सही केली, खाली तारीख घातली आणि विचारलं, "कॉपी किसको जाएगा?" मग अण्णांनी वही माझ्यापुढे धरली, मी सही केली. स्वयंपाकघरात जाऊन बायकोची घेतली. तिच्या हाताला पीठ होतं, ते त्या पानावर अजून आहे. सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतः सही केली आणि वही ट्रंकेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाचला घंटी वाजली. तिसऱ्या दिवशीही वाजली. कॅलेंडरवर बरोबरच्या खुणांची रांग लागली. अण्णा बाहेर पडताना त्यांचा हात अजूनही वर जायचा, पण अर्ध्यातून खाली यायचा. मी व्हरांड्यातून बघायचो. त्यांना ते सोपं जात नव्हतं.

दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी दुपारपासून असा पाऊस लागला की आमच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी चढलं. साडेचारला कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला. सगळ्या वस्तीची वीज गेली. घरातलं राऊटर बंद, व्हरांड्यातलं यंत्र बंद, खोलीतलं बंद. आम्ही दोघंही घरी होतो. पाणी साचल्यामुळे बायको लवकर आली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी मागचं दार वाजलं. अण्णा होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"वाजली नाही," ते म्हणाले. "पाचला दाबली. सांगायला आलो."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही त्या शेवाळावरून, या पावसात, घंटी वाजली नाही हे सांगायला आलात?"

"तुझ्या कॅलेंडरवर चुकीची खूण झाली असती तर ठीक. पण तू विसरून बरोबरची केली असतीस तर ते खोटं झालं असतं." त्यांनी छत्री मिटली आणि ते दाराबाहेरच उभे राहिले. "तुमची चूक नाही. लाईटच गेली. पण ठरलं ते ठरलं. पोळ्याला चार दिवस आहेत. तू माझं तिकीट बघ."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. वीज गेल्यावर साखळीचं काय होईल याचा विचार मी केला नव्हता, आणि तो करणं हे माझंच काम होतं.

"आधी आत या," बायको म्हणाली.

"पाय चिखलाचे आहेत."

"मग चला." तिने टॉवेल खांद्यावर टाकला, माझी छत्री घेतली, चपला तिथेच काढल्या आणि अण्णांचा दंड धरला. "तुम्हाला कोरडं करून येते. तुम्ही इथेच थांबा," हे मला. दोघं केळीच्या आडून दिसेनासे झाले.

मी व्हरांड्यात थांबलो. अर्धा तास झाला, तास झाला. खोलीच्या खिडकीत कंदिलाचा उजेड दिसत होता. पंचवीस-तीस पावलांवर माझी सगळी माणसं होती आणि त्यांच्याशी बोलण्याची जी सोय मी केली होती, ती चालत नव्हती. पावसामुळे हाकही ऐकू गेली नसती. सहज चालत जाता आलं असतं. पण थांबायला सांगितलेलं होतं.

पावणेसातला वीज आली. राऊटरचे दिवे लागले, मग व्हरांड्यातलं यंत्र, आणि तीन मिनिटांनी स्वयंपाकघरात घंटी वाजली. पाठोपाठ पुन्हा वाजली. मी अनवाणी धावलो. फणसाच्या मुळाला ठेच लागली, केळीच्या पानाने तोंडावर पाणी उडवलं, आणि मी धापा टाकत दारात पोहोचलो.

बायको कॉटवर मांडी घालून बसली होती. अण्णा कोरड्या धोतरात स्टोव्हपाशी होते.

"काय झालं?"

"दूध संपलं," ती म्हणाली. "येताना पातेलीभर आणा. आणि बिस्किटं."

"त्यासाठी बटण दाबलंस?"

"मग कशासाठी दाबायचं? पडल्यावरच?"

अण्णांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "रक्त आलंय. हळद लाव."

मी उंबऱ्यावर बसलो. बायको खिडकीकडे बघत होती. तिथून केळीच्या वरून आमचं सगळं घर दिसतं: खाली स्वयंपाकघर, हॉल, वर माशीमांची गॅलरी. सगळीकडे नुकते दिवे लागले होते. मी त्या खोलीत किती वेळा गेलो असेन, पण माझं लक्ष नेहमी हिरव्या दिव्याकडे असायचं.

"अण्णांना विचारलं मी, हॉलमध्ये काय वाईट आहे," ती मला म्हणाली. "ते म्हणतात, आत बसलं की घर दिसत नाही. इथून सगळं दिसतं. कोण आलं, कोण अजून यायचंय. माशीमांचा दिवा सातला लागला नाही, तर जाऊन बघता येतं."

"शाळेत आपली खोली मैदानापलीकडे होती," अण्णा स्टोव्हकडे बघत म्हणाले. "तिथून लक्ष राहतं."

बायकोने ओला टॉवेल घडी करून कॉटच्या कडेला ठेवला.

"तिकिटाचं राहू दे," बायको मला म्हणाली. "त्यापेक्षा या सगळ्याला बॅटरीवर चालवायचं काय असतं ते बघा. तीन यंत्रं आहेत ना? तिन्हींना. आणि ती पायरी घासून घ्या, उद्याच."

"आणि पंधरा दिवस?" अण्णांनी विचारलं.

"पंधरा दिवस मी ठरवले होते, अण्णा. मीच सोडले."

अण्णांनी स्टोव्हची वात कमी केली. फडताळातून त्यांनी तीन कप काढले, त्यातला एक फुंकर मारून पुसला आणि मला म्हणाले, "दूध आणतोस ना? पाणी आटत चाललंय."